दुरून मोटार साजरी

बैलांच्या बाजारात एक शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जनावर घ्यायचे तर आधी त्याचे तोंड उघडून पाहावे. ते दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेले आहे, हे दात सांगतात. मालक सांगत नाही. मग त्याला चार पावले चालवून बघावे, पाठीवर थाप मारून बघावी आणि त्यानंतरच दलालाच्या रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करावा. दहा-वीस हजारांच्या जनावरासाठी माणसे दिवसभर उन्हात उभी राहतात आणि मनास न आल्यास रिकाम्या हाताने घरी जातात.

तीच माणसे हल्ली मोटारी मात्र न पाहता घेऊ लागली आहेत. पाचशे-सातशे कि.मी. दूरच्या शहरातला व्यापारी फोनवर तीस-चाळीस छायाचित्रे पाठवतो. पुढून, मागून, आतून, बाहेरून. प्रत्येक छायाचित्रात मोटार अशी लखलखत असते, की वधूपरीक्षेला बसलेल्या मुलीलाही हेवा वाटावा. मग फोनवर घासाघीस होते, बयाणा जातो आणि ज्या वस्तूला अजून हात लावलेला नाही ती वस्तू आपली होते. दुरून डोंगर साजरे असे आपल्याकडे म्हणतात. त्या काळी डोंगर विकत घेण्याची सोय नव्हती, म्हणून म्हण तेवढ्यावर थांबली.

जुन्या विजेच्या मोटारींच्या बाबतीत तर हा व्यवहार दुरूनच करावा लागतो, आणि त्याला कारण आहे. आपल्या देशात श्रीमंती थाटाच्या विजेच्या मोटारी अगदी अलीकडे आल्या. मर्सिडीजची ईक्यूसी २०२० च्या ऑक्टोबरात आली. जॅग्वारची आय-पेस आणि ऑडीची ई-ट्रॉन २०२१ मध्ये आल्या. किंमत कोटीच्या घरातली. साहजिकच त्या मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांत खपल्या. पुढे जास्त पल्ल्याची नवी मॉडेले आली, पहिल्या मालकांचा जीव नव्यात रमला आणि जुन्यांच्या किमती घसरल्या. घसरल्या म्हणजे चार-पाच वर्षांत निम्म्याहून खाली आल्या. पेट्रोलची मोटार इतकी घसरत नाही. इथे घेणाऱ्याच्या मनात भीती असते ती बॅटरीची. विजेच्या मोटारीत निम्मा जीव बॅटरीत असतो, आणि बॅटरीला दात नसतात.

आमचे मेहुणे आबा यांनी गेल्या फेब्रुवारीत अशीच एक मोटार बंगळूरच्या व्यापाऱ्याकडून फोनवर घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. मला तिची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. आबा म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा कारखाना आहे. तिथे डिझेल इंजिनांचे लायनर तयार होतात. लायनर म्हणजे इंजिनात दट्ट्या ज्या नळकांड्यात वर-खाली होतो त्याचे बिडाचे अस्तर. हे अस्तर आतून मापाला काटेकोर लागते. चाळीस वर्षे आबांनी दुसरे काही केले नाही. हातातला स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनावर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि आत कुठले अंग कुरकुरते ते सांगायचे, ही त्यांची ख्याती.

अशा माणसाने इंजिनच नसलेली मोटार घ्यावी याचे घरात सर्वांना नवल वाटले, आणि थोडी चिंताही. कारण पैसे साधे नव्हते. नवे संगणकी लेथ यंत्र घेण्यासाठी आबांनी ते बाजूला ठेवले होते. चिरंजीवांचे म्हणणे, यंत्र आणा. आबांचे म्हणणे, यंत्र आणून त्यावर काढायचे काय? लायनरच ना? "दाजी," ते मला म्हणाले, "जी मोटार उद्या माझ्या पोटावर पाय द्यायची म्हंत्यात, तिच्या पोटात काय हाय ते एकदा उघडून बघायचं हाय मला. आणि बघायचं तर उत्तमातलं बघावं."

यावर वादाला जागा नव्हती. वहिनींनी फक्त एक अट घातली: एकट्याने जायचे नाही. मराठीच्या प्राध्यापकाचा मोटारीच्या खरेदीत काय उपयोग, असा प्रश्न मी विचारून पाहिला. "कागद वाचायला," असे उत्तर आले. आमच्या घराण्यात माझ्या पदवीचा इतका व्यावहारिक उपयोग प्रथमच होत होता. मी तयार झालो.

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करून आम्ही सकाळी यशवंतपूरला उतरलो. विजेच्या मोटारीसाठी बंगळूरला जाणे हे तसे योग्यच. कावेरीवर शिवसमुद्रम येथे १९०२ साली वीज तयार होऊ लागली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. तीच वीज १९०५ मध्ये या शहराच्या रस्त्यांवर दिव्यांच्या रूपाने उजळली. पुढे २००१ साली 'रेवा' नावाची एवढीशी विजेची मोटार निघाली तीही इथूनच. दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले कशीबशी मावणारी ती मोटार लंडनच्या रस्त्यांवरही धावली. आमची मोटार त्या रेवाची दूरची, परदेशी, गर्भश्रीमंत नातलग म्हणायची.

व्यापाऱ्याचे अंगण तुमकूर रस्त्याला होते. तिथे ती उभी होती. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे, गडद निळा रंग, छायाचित्रांत होती तशीच देखणी. व्यापारी तरुण, गोड बोलणारा. त्याने किल्लीचे बटण दाबले. मोटार ढिम्म. दुसरी किल्ली आणली, तरीही ढिम्म. दारसुद्धा उघडेना. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला, माझ्या पोटात गोळा आला, आणि आबा मात्र हसू लागले.

त्याचे असे आहे. या मोटारीच्या पोटात शेकडो किलो वजनाची मोठी बॅटरी असते, ती चाके फिरवते. पण दारे, दिवे, पडदे, संगणक यांना जागे करण्यासाठी एक साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आपल्या टेम्पोत असते तशीच. मोटार महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली की ही छोटी बॅटरी मरते, आणि मग घरात धान्याची कोठारे भरलेली असताना कोठीची किल्ली हरवावी तशी गत होते. "कोटीची मोटार," आबा म्हणाले, "आणि अडली कशापायी? माझ्या टेम्पोच्या बॅटरीपायी!" नवी छोटी बॅटरी आणवून बसवण्यात दुपार झाली. तिचे पैसे व्यापाऱ्याने मागितले नाहीत. पण त्या खोळंब्यात आबांना एक गोष्ट कळली: ही मोटार बरेच दिवस हलवलेली नव्हती. छायाचित्रांत हे दिसत नाही.

मग परीक्षा सुरू झाली. आबांनी आधी टायर पाहिले. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढचे दोन टायर २०२१ चे निघाले, मागचे दोन २०२४ चे. अडीच टनांची मोटार टायर खाते, हा हिशेब आबांनी मनात टिपला. नंतर मोटार वर उचलून घेतली आणि बॅटरीच्या तळाच्या पत्र्यावरून पूर्ण हात फिरवला. ती तळाशीच असते. एखाद्या दगडावर आपटून पोचा गेला असेल तर तो आत कुठवर पोचला हे सांगता येत नाही. पत्रा सरळ होता. चार्जिंगची वायर होती, दुसरी किल्ली होती, सर्व्हिसची नोंद सलग होती. ही नोंद महत्त्वाची, कारण बॅटरीची हमी तिच्यावर अवलंबून असू शकते. अशा मोटारींना सामान्यतः आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार कि.मी.ची हमी असते. तेवढ्यात बॅटरीची ताकद सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनी जबाबदार. आमची २०२१ ची, म्हणजे २०२९ पर्यंत निर्धास्त.

माझे काम त्यानंतर आले. चासिस नंबर कागदाशी जुळतो की नाही. कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आहे का. दुसऱ्या राज्यात न्यायला लागणारे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलाचे २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यात मोटार बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हा १९८८ च्या कायद्याचा नियम. पावतीवरचा जीएसटी पाहिला; २०२४ च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेने ठरवल्याप्रमाणे जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याला तो अठरा टक्के पडतो, पण पूर्ण किमतीवर नव्हे, त्याच्या नफ्यावर. विम्याचा कागद आबांच्या नावावर झाल्याशिवाय चाक हलवायचे नाही, असे मी ठामपणे सांगितले. प्राध्यापकाला ठामपणे बोलायची संधी वर्गाबाहेर क्वचितच मिळते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फॉर्मात नव्हती. या मोटारी मालकाच्या फोनला बांधलेल्या असतात. ती कुठे आहे, किती चार्ज आहे, सारे त्याला घरबसल्या दिसते. दारेही उघडता येतात. मोटार विकली तरी ही दोरी जुन्या मालकाच्या खिशातच राहू शकते. व्यापाऱ्याने त्याला फोन लावला, त्याने आपल्या खात्यातून मोटार काढून टाकली आणि आबांच्या फोनवर ती उगवली. कन्यादान झाले.

शेवटचा प्रश्न आबांनी विचारला, "बॅटरी किती राहिलीया?" व्यापारी म्हणाला, "पंच्याण्णव टक्के, सर." आबांनी मान हलवली. ती होकारार्थी होती असे व्यापाऱ्याला वाटले. ती नुसती ऐकल्याची होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे शंभर टक्के चार्ज घेऊन आम्ही निघालो. बंगळूर ते कोल्हापूर सुमारे सहाशे कि.मी. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे एकंदरीत उताराचाच प्रवास. नेलमंगलाच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि मोटारीने वेग घेतला. आवाज म्हणून नाही. टायरांची सळसळ आणि वाऱ्याची फुंकर, बस्स. मला ते स्वर्गीय वाटत होते. आबा अस्वस्थ होते. गाडी चालवताना त्यांचा कान सवयीने पुढच्या बॉनेटकडे लागत होता आणि रिकामा परत येत होता. "दाजी, ह्यो मुका जीव हाय," तुमकूर मागे पडल्यावर ते म्हणाले. "दुखलं खुपलं तर सांगायचा न्हाई. आपणच वळखायचं."

सिरा गेले, हिरियूर गेले. चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांची रांग दिसू लागली तेव्हा ऊन तापू लागले होते. इथला किल्ला सात वेढ्यांचा. हैदरअलीच्या स्वारीत शत्रूचे सैनिक एका भेगेतून एकेक करून आत शिरत होते, आणि ओबव्वा नावाच्या पहारेकऱ्याच्या बायकोने नवरा जेवत असताना हातातल्या मुसळाने एकेकाला टिपले, अशी कथा तिथे सांगतात. तिनेही शत्रू मोजून घेतला होता म्हणायचे.

आबांनी मोजणी सुरू केली ती मात्र चार्जिंगच्या यंत्रापाशी. पडद्यावर पस्तीस टक्के उरले होते. वायर लावली, जवळच्या हॉटेलात इडली-वडा खाल्ला, कॉफी घेतली, आणि सुमारे तासाभरात पंच्याऐंशी झाले. यंत्राच्या मीटरवर आकडा होता साडेअडतीस युनिटे. आबांनी खिशातून पावती काढून तिच्या पाठीवर हिशेब मांडला. पन्नास टक्के भरायला साडेअडतीस युनिटे लागली. त्यातला थोडा भाग उष्णतेत जातो. तो शेकडा चार धरला तर खरी आत गेली सदतीस. अर्ध्याला सदतीस तर पुऱ्याला चौऱ्याहत्तर. नवी असताना हिच्यात चौऱ्याऐंशी युनिटे मावत होती. चौऱ्याहत्तर भागिले चौऱ्याऐंशी.

"अठ्ठ्याऐंशी टक्के," आबा म्हणाले.

पंच्याण्णव नव्हे. मी चपापलो, व्यापाऱ्याला तिथल्या तिथे फोन लावावा, असे सुचवले. आबा शांत होते. "बोलण्यातलं माप असंच असतंय दाजी. माझ्या लायनरला दोन शतांश मिलिमीटर जास्त झालं तर माल परत येतो. बोलण्यातलं माप परत करायची सोय न्हाई. पण आता आपल्याला ठाव झालं न्हवं? चौऱ्याहत्तर युनिटं. शंभर कि.मी.ला चोवीस लागत्यात. आता हिच्यावर भरवसा ठेवायला हरकत न्हाई."

या वाक्याने मला धीर आला आणि मी मनात घोळत असलेली गोष्ट काढली. चित्रदुर्गाहून सरळ दावणगेऱ्याला न जाता होळलकेरे, चन्नगिरी अशी वाट धरली तर चन्नगिरीजवळ होदिगेरे नावाचे खेडे लागते. वाट साठ-सत्तर कि.मी. वाकडी. तिथे शहाजीराजांची समाधी आहे. बंगळूरची जहागीर सांभाळणारे, दख्खनच्या राजकारणात साऱ्या दरबारांना वजन राखून असलेले राजे १६६४ च्या जानेवारीत या रानात शिकारीला गेले. घोड्याचा पाय अडकला, राजे कोसळले आणि तिथेच संपले. साऱ्या आयुष्यात किती घोडे पारखले असतील त्यांनी! आबांनी पंच्याऐंशी टक्क्यांकडे पाहिले, पावतीकडे पाहिले आणि मोटार डावीकडे वळवली.

चन्नगिरीचा मुलूख सुपारीचा. हिरव्यागार, सरळसोट झाडांच्या रांगा, मधून पाटाचे पाणी. समाधी साधी आहे. तिथे गाइड नाही, दुकान नाही, गर्दी तर नाहीच. ज्याच्या मुलाने राज्य उभे केले त्या पुरुषाचा शेवटचा मुक्काम इतका शांत असेल असे वाटले नव्हते. एक वयस्क गृहस्थ आमच्याशी कानडीत बोलले. आबांचे कानडी बाजारापुरते, माझे त्याहून कमी. 'शहाजी' आणि 'शिवाजी' हे दोन शब्द दोन्ही बाजूंना पुरेसे झाले. आबांनी चप्पल काढून हात जोडले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. परत येताना मात्र म्हणाले, "कोल्हापुरास्नं इतक्या लांब कोण आलं असतं हो, ह्या मोटारीच्या निमित्तानं न्हाई तर?"

दावणगेऱ्याला पोचायला दुपारचे दोन वाजून गेले. पन्नास टक्के चार्ज उरला होता आणि पोटात काहीच उरले नव्हते. इथला लोणी डोसा प्रसिद्ध. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, शेजारी बटाट्याची भाजी. दोन-दोन डोसे झाल्यावर आबांनी वेटरला विचारले, इथे पूर्वी कापडगिरण्या होत्या ना? होत्या तर. या गावाला एके काळी कर्नाटकाचे मँचेस्टर म्हणत. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. आता गाव ओळखले जाते ते कॉलेजांसाठी आणि या डोशासाठी. आबा तिसरा डोसा मागवता मागवता थांबले. "गिरण्या गेल्या," ते हळूच म्हणाले, "आणि गाव ऱ्हायलं. म्हंजे काय तरी दुसरं शिकलं असणार." त्या दिवसात त्यांच्या मनात काय चालले होते ते मला त्या क्षणी दिसले. मोटारीची परीक्षा घ्यायला निघालेला माणूस वाटेवरच्या गावांचीही परीक्षा घेत होता, आणि त्यात आपल्या गावाचा निकाल शोधत होता.

चार्जिंगच्या यंत्राजवळ आमच्यामागे एक कुटुंब ताटकळत होते. मागच्या बाकावर लहान मूल रडत होते. पंचाहत्तर टक्क्यांवर आबांनी वायर काढून त्यांना जागा दिली. ऐंशीच्या पुढे बॅटरी तशीही सावकाश भरते. हरिहरला तुंगभद्रा ओलांडली. मोटेबेन्नूरला रस्ता सोडून ब्याडगीत गेलो, कारण वहिनींची चिठ्ठी होती: मिरची आणल्याशिवाय येऊ नका. ब्याडगीची मिरची म्हणजे तिखट कमी आणि रंग गडद, लांबट आणि सुरकुतलेली. कोल्हापुरी चटणीचा लाल रंग पुष्कळदा हिच्याच कृपेचा. बाजारात शिरताच नाक आणि डोळे वाहू लागले. इथे पाहा, आबांनी मिरची मुठीत घेऊन चुरगळली, वास घेतला, देठ मोडून पाहिला, बी मोजले, तीन दुकाने नापसंत केली आणि चौथीत दहा किलो घेतली. लाखांची मोटार न पाहता घेणाऱ्याने मिरची मात्र पाहून घेतली.

हुबळीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पडद्यावर वीस टक्के होते. फोनवर जे चार्जिंगचे ठिकाण 'चालू' दिसत होते तिथल्या यंत्रावर एक कागद चिकटवलेला होता. कानडी मला वाचता येत नाही, पण बंद पडलेल्या वस्तूवरचा कागद कुठल्याही लिपीत वाचता येतो. दुसऱ्या ठिकाणी तीन मोटारी रांगेत. काळोख, परका मुलूख, मागच्या बाकावर दहा किलो मिरची, आणि पुढे मुका जीव. मी घाबरलो हे लपवण्यात अर्थ नाही. मोटारीचा पडदा म्हणत होता की अजून पंचाहत्तर कि.मी. जाईन. पण मोटारीच्या बोलण्यावर विसंबावे का?

आबांनी पावती काढली. "चौऱ्याहत्तराचे वीस टक्के म्हंजे पंधराला थोडं कमी. चोवीसच्या हिशेबानं साठ कि.मी. धारवाड वीसावर. चला."

धारवाडच्या एका लॉजला फोन करून विचारले; त्यांच्याकडे सावकाश भरणारे यंत्र होते आणि ते मोकळे होते. आम्ही तिथे टेकलो तेव्हा तेरा टक्के उरले होते. आबांच्या हिशेबात एका टक्क्याचीही चूक नव्हती. व्यापाऱ्याच्या पंच्याण्णवावर विसंबून निघालो असतो तर त्या रात्री रांगेत उभे राहून आमची झोप गेली असती, नाही तर नको तेवढा धीर येऊन कुठे तरी अडकलो असतो. खरे माप कमी निघाले म्हणून नुकसान झाले नाही. ते ठाऊक नसते तर झाले असते. न पाहता घेतलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल मला हेच म्हणावेसे वाटते. दुरून घेणे हा गुन्हा नव्हे. घेतल्यावरही दुरूनच पाहत राहणे हा मात्र धोका.

रात्रभरात मोटार भरली. सकाळी धारवाडचे पेढे घेतले, वाटेत राणी चन्नम्माचे कित्तूर लागले, बेळगावात कुंदा घेतला. तवंदीच्या घाटात आबांनी पाय पेडलवरून काढला. उतारावर ही मोटार चाकांकडूनच वीज परत घेते. इंजिन जिथे नुसते धापा टाकते तिथे ही गोळा करते. निपाणी येईपर्यंत टक्का वाढला नाही, पण कमीही झाला नाही. "उताराला कमावती," आबा म्हणाले. दोन दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले कौतुक. कागलला दूधगंगा ओलांडली आणि आपल्या मुलखात आलो.

घरी ओवाळणी झाली, पेढे वाटले गेले, मिरची उन्हात पडली. व्यापाऱ्याला आबांनी एकदाच फोन केला आणि अठ्ठ्याऐंशीचा हिशेब ऐकवला. तो म्हणाला, पडद्यावर जे दिसले ते सांगितले. तेही खोटे नसावे. तो पडद्याकडे पाहणारा आणि आबा मापाकडे.

खरी गोष्ट घडली ती पुढच्या रविवारी शिरोलीच्या कारखान्यात. मोटार खड्ड्यावर उभी होती, मागचे एक चाक जॅकवर. सर्व कामगार भोवती. खाली आबा, आणि त्यांच्या शेजारी चिरंजीव. आबांनी स्क्रूड्रायव्हर मागितला. त्याचे टोक मागच्या मोटरीशेजारच्या पेटीवर टेकवले, मूठ कानाला लावली आणि वर मला सांगितले, "दाजी, चाक हळू फिरवा." मी फिरवू लागलो. आबा डोळे मिटून ऐकत राहिले. बराच वेळ गेला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर मुलाच्या हाती दिला. त्यानेही ऐकले.

"गिअर हाय," आबा म्हणाले. "दट्ट्या न्हाई, लायनर न्हाई, पण गिअर हाय. बेअरिंग हाय. आणि ही पेटी ओतीव हाय, ॲल्युमिनियमची." मग ते त्या पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले, जसे ते आपल्या लायनरच्या आतून फिरवतात.

मोटारीला आता एमएच ०९ चा नंबर मिळाला आहे. वहिनी तिच्यातून जोतिबाला जाऊन आल्या. चिरंजीवांनी त्या गिअरपेटीची मापे घेऊन वहीत उतरवली आहेत आणि ॲल्युमिनियम ओतणाऱ्या दोन कारखान्यांना भेट देऊन आले आहेत. लायनरांची ऑर्डर अजून चालू आहे, पण पूर्वीइतकी नाही. नवे यंत्र कोणते घ्यायचे आणि त्यावर काय काढायचे, याचा निर्णय आबांनी दिवाळीनंतर ठेवला आहे. मात्र एक गोष्ट त्यांनी आत्ताच ठरवली आहे: यंत्र घ्यायचे ते कारखान्यात जाऊन, चालू असताना पाहून आणि कान लावून.